गेरूची दोरी आणि अठरा चौकोन: इजिप्तची कला बाहेर कशी गेली

शिल्पकलेच्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: ‘इजिप्तच्या चित्रांत तोंड बाजूने, डोळा समोरून, खांदे समोरून आणि पाय परत बाजूने, असं का? त्यांना नीट काढता येत नव्हतं का? आणि ग्रीक, रोमन सगळ्यांवर इजिप्तचा प्रभाव होता हे आमच्या पुस्तकात एका ओळीत उरकलंय. प्रभाव म्हणजे नेमकं काय घेतलं?’

मी दगडात काम करतो आणि सत्तावीस वर्षं शिल्पकला शिकवली. त्यामुळे माझं उत्तर हातापासून सुरू होईल. माझं म्हणणं आधीच सांगतो. नुसत्या ‘प्रभाव’ या शब्दाने काही कळत नाही. कुठेही इजिप्तसारखं काही दिसलं की पहिला प्रश्न हा, की ते तिथे पोहोचलं कसं? कारागिराच्या हातातून, व्यापाऱ्याच्या मालातून, जिंकणाऱ्याच्या जहाजातून की छापील पानातून? वाट बदलली की घेतलेली गोष्टही बदलते. हातातून जाते ती पद्धत. मालातून आणि पानातून जातं ते रूप. हा फरक लक्षात ठेवलास तर पुस्तकातली ती एक ओळ तुला स्वतःच उलगडता येईल.

आधी पद्धत बघू. लक्सरच्या पश्चिमेला राजांच्या दरीत होरेमहेब राजाचं थडगं आहे. इ.स.पू. १३००च्या सुमारास राजा गेला तेव्हा भिंतींचं काम अपुरं होतं आणि ते तसंच राहिलं. शिकणाऱ्याच्या दृष्टीने ही मोठी देणगी आहे. एका जागी तांबड्या रेषेतला कच्चा आराखडा दिसतो, त्यावर उस्तादाने काळ्या रेषेने केलेल्या दुरुस्त्या दिसतात, आणि शेजारी टाकीचं काम अर्ध्यावर थांबलेलं. तीन हजार वर्षांपूर्वीची कार्यशाळा दुपारच्या सुट्टीला रिकामी झाल्यासारखी वाटते.

आराखड्याच्याही आधी भिंतीवर चौकोनांची जाळी पडायची. आपल्याकडे सुतार लाकडावर सूत मारतो ना, तशीच. दोरी गेरूत बुडवायची, दोघांनी दोन टोकं ताणून धरायची आणि मधे चिमटीने उचलून सोडायची. फटकन एक सरळ तांबडी रेघ उमटते. अशा उभ्या-आडव्या रेघा मारल्या की जाळी तयार. जुन्या राज्याच्या काळात, म्हणजे पिरॅमिडांच्या काळात, पूर्ण जाळी नव्हती. एक उभी मध्यरेषा आणि गुडघा, काख, मानेचा पाया, केसांची कड अशा मोजक्या ठिकाणी आडव्या रेषा एवढंच असे. मधल्या राज्यात, इ.स.पू. २०००च्या सुमारास, जाळी पक्की झाली. उभी आकृती तळपायापासून कपाळावरच्या केसांच्या कडेपर्यंत १८ चौकोन. गुडघा सहाव्या रेषेवर, कोपर बाराव्याच्या आसपास, मान आणि खांदे जिथे मिळतात ती जागा सोळाव्यावर. बसलेली आकृती १४ चौकोनांची. चौकोन साधारण मुठीच्या रुंदीचा, त्यामुळे आकृती वीतभर असो की दोन मजली, तिचं शरीर तेच राहायचं. ब्रिटिश म्युझियममध्ये खळीचा पांढरा थर दिलेली एक लाकडी पाटी आहे. तिच्यावर तिसऱ्या थुतमोस राजाची बसलेली आकृती अशा जाळीत बसवलेली दिसते. शिकाऊ मुलांसमोर ठेवायची पाटी असावी तशीच ती आहे.

आता तुझा पहिला प्रश्न. इजिप्तच्या भाषेत चित्रकाराला ‘सेश-केदूत’ म्हणत, म्हणजे बाह्यरेषा लिहिणारा लेखनिक. काढणं आणि लिहिणं यांत त्यांनी भिंत घातली नव्हती. त्यांची लिपीच चित्रांची होती. बसलेल्या माणसाचं अक्षर आणि भिंतीवरचा बसलेला माणूस हे एकाच घरातले. अक्षर वाचता आलं पाहिजे ही जशी अट, तशीच आकृतीही वाचता आली पाहिजे. नाक-हनुवटीची ओळख बाजूने पटते म्हणून तोंड बाजूने. डोळा समोरून पुरा दिसतो म्हणून समोरून. खांदे दोन्ही दिसावेत म्हणून समोरून. पावलाचा कमानीसारखा आकार आतल्या बाजूने छान कळतो, म्हणून दोन्ही पावलं आतल्याच बाजूने, दोन्हींचे अंगठे आपल्याकडे! नीट बघ, बहुतेक आकृत्यांना दोन डावे किंवा दोन उजवे पाय वाटतात. अठराव्या राजघराण्याच्या उत्तरार्धात काही चित्रकारांनी जवळच्या पावलाची पाचही बोटं काढायला सुरुवात केली. म्हणजे पर्याय त्यांना ठाऊक होता.

शिवाय ही चित्रं थडग्यात आहेत, आणि मेलेल्या माणसाला तिथे कायमचं राहायचं आहे. तिथे अन्न, नोकर, हात, पाय सगळं पुरं असायला हवं. यथादर्शनात, म्हणजे डोळ्याला दिसतं तसं जवळचं मोठं आणि लांबचं लहान काढण्याच्या पद्धतीत, मागे गेलेला हात आखूड होतो, अर्धा झाकला जातो. अनंतकाळासाठी असा हात कोण घेईल? शिल्पकाराला एक शब्द होता, ‘सांख’. त्याचा अर्थ जिवंत ठेवणारा. मी वर्गात हा शब्द सांगतो तेव्हा क्षणभर शांतता होते. कामाची व्याख्याच निराळी आहे. दिसतं तसं काढणं हे त्याचं काम नव्हतं, असणं टिकवणं हे होतं.

‘येत नव्हतं’ असं ज्याला वाटतं त्याने तीन गोष्टी बघाव्यात. एक, मैदूमच्या थडग्यातली हंस-बदकांची रांग, इ.स.पू. २६००च्या सुमाराची. पिसांची ठेवण इतकी नेमकी की पक्षीतज्ज्ञ जाती ओळखतात. दुसरी, ‘का-आपेर’ नावाच्या अधिकाऱ्याचा लाकडी पुतळा. पोट सुटलेलं, चेहरा भरलेला, डोळ्यांत स्फटिक बसवलेले. १८६० साली सक्काऱ्याला तो जमिनीतून वर आला तेव्हा उत्खनन करणाऱ्या फ्रेंच ऑग्युस्त मारिएतच्या मजुरांना तो आपल्याच गावच्या मुखियासारखा दिसला. म्हणून त्याचं नाव पडलं शेख अल-बलद. आपण त्याला ‘गावचा पाटील’ म्हणू. तिसरी, तुरिनच्या इजिप्त संग्रहालयातला दगडाचा एक तुकडा. राजांची थडगी खोदणारे कारागीर दैर अल-मदिना या वस्तीत राहायचे आणि चुनखडीच्या फुटक्या कपच्यांवर कच्ची चित्रं काढायचे. या कपचीवर एक नर्तकी मागे कमान टाकते आहे, केस जमिनीला टेकलेत आणि सगळी आकृती एका लवचीक रेषेत उतरली आहे. ही रेषा ज्या हाताची, त्याच्यासारखेच हात दिवसा भिंतीवर ताठ राजे काढत होते. ताठपणा हा दरबारी नियम होता. त्यातून हात किती मोकळा होता ते कपच्या सांगतात.

आता बाहेर जाऊ. ग्रीसवर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण हातातून गेलेल्या गोष्टीचं याहून चांगलं उदाहरण माझ्या माहितीत नाही.

इ.स.पू. पहिल्या शतकात डायोडोरस सिक्युलस नावाच्या ग्रीक लेखकाने एक हकिकत लिहून ठेवली आहे. सामोस बेटावरचे दोन भाऊ, तेलेक्लीस आणि थिओडोरस. त्यांनी अपोलोची मूर्ती दोन अर्ध्या भागांत केली. एक अर्धा भाग सामोसवर, दुसरा समुद्रापलीकडे एफिससला. दोन्ही भाग जोडले तेव्हा एकाच हाताने केल्यासारखे जुळले. डायोडोरस म्हणतो की ही ग्रीकांची रीत नव्हे, इजिप्तची. इजिप्तचे लोक शरीराचे सव्वाएकवीस भाग पाडतात, आधी मापं ठरवतात आणि मग प्रत्येक कारागीर आपापला तुकडा करतो.

ही हकिकत मी वर्गात करून बघितली. दोन गट, दोन वेगळ्या खोल्या. शाडूच्या दोन उभ्या पाट्या, एका गटाकडे आकृतीची डावी बाजू, दुसऱ्याकडे उजवी. चौकोन दहा सेंटिमीटरचा, मोजणी अठराची, एकमेकांशी बोलायचं नाही. पहिल्या वर्षी पाट्या जोडल्या तर एका गटाचा डोळा दुसऱ्याच्या गालाशी आला. गुडघे, कंबर, खांदे, सगळं एक चौकोन खाली-वर. शोधलं तेव्हा कळलं की एका गटाने अठरा चौकोन केसांच्या कडेपर्यंत मोजले होते, दुसऱ्याने टाळूपर्यंत. त्या दिवशी मला स्वतःला एक गोष्ट लख्ख समजली. मी वर्षानुवर्षं ‘केसांच्या कडेपर्यंत’ हे शब्द सांगत होतो, पण त्यामागचं कारण कधी हाताला जाणवलं नव्हतं. कपाळाच्या वर टोप येतो, मुकुट येतो, पिसं येतात. त्यांची उंची प्रत्येक आकृतीत बदलते. न बदलणारी शेवटची जागा म्हणजे केसांची कड, म्हणून मोजणी तिथेच थांबवायची. पुढच्या खेपेला दोन्ही पाट्या जुळल्या. सांध्यावर फरक सूतभर.

डायोडोरसचे दोघे भाऊ मला त्यानंतर खरे वाटायला लागले. हकिकतीत मीठमसाला असेल, पण आकडा बघ. उशिराच्या काळात, पंचविसाव्या-सव्विसाव्या राजघराण्यांच्या सुमारास, इजिप्तने मोजणी बदलली होती. तळपायापासून वरच्या पापणीपर्यंत २१ चौकोन. डायोडोरस सव्वाएकवीस सांगतो. सामोसचे शिल्पकार ज्या काळातले, तोच हा काळ. आकडा हवेतून आलेला नाही.

आणि वाटही माहीत आहे. इजिप्तचा राजा पहिला प्सामतिक (इ.स.पू. ६६४ ते ६१०) याने आयोनिया आणि कारिया, म्हणजे आजच्या तुर्कस्तानचा पश्चिम किनारा, इथले भाडोत्री सैनिक पदरी ठेवले. नाईलच्या त्रिभुज प्रदेशात नॉक्रातिस इथे ग्रीक व्यापाऱ्यांची वसाहत उभी राहिली. इ.स.पू. ५९२च्या सुमारास दुसऱ्या प्सामतिकच्या स्वारीत दक्षिणेकडे गेलेल्या ग्रीक सैनिकांनी अबू सिम्बेलच्या मंदिरातल्या रामसेस राजाच्या प्रचंड पुतळ्याच्या पायावर आपली नावं कोरली. आजही तिथे आहेत. म्हणजे ग्रीक माणसं त्या पुतळ्यांच्या अक्षरशः पायाशी उभी होती, बरोबर त्याच पिढ्यांत, जेव्हा ग्रीसमध्ये माणसाच्या उंचीचे आणि त्याहून मोठे संगमरवरी पुतळे करायला सुरुवात झाली.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये इ.स.पू. ५९०-५८०च्या सुमाराचा एक ‘कूरोस’ आहे, म्हणजे तरुणाचा उभा पुतळा. उंची १९४ सेंटिमीटरच्या आसपास. डावा पाय पुढे, हात सरळ खाली, मुठी आवळलेल्या, खांदे रुंद, नजर थेट समोर. १९७०च्या दशकात या पुतळ्यांची मापं इजिप्तच्या जाळीशी ताडून बघितली गेली, तेव्हा नेमका हा न्यूयॉर्कचा कूरोस एकवीस चौकोनांच्या मोजणीशी जुळला. सगळे कूरोस जुळत नाहीत, हेही तितकंच महत्त्वाचं. काही कार्यशाळांनी पद्धत तंतोतंत घेतली, काहींनी नुसती उभं राहण्याची ढब घेतली.

शिल्पकार म्हणून मला त्याहून बोलका वाटतो तो ठोकळा. इजिप्तमध्ये चौकोनी दगडाच्या समोर, मागे आणि दोन्ही बाजूंना जाळी आखून आकृती काढायची आणि चारी बाजूंनी आत येत राहायचं. पुतळा पुरा झाला तरी त्याच्या चार बाजू हरवत नाहीत. कूरोसला समोरून बघ, मग बरोबर काटकोनात जाऊन बाजूने बघ. दोन्हीकडे पूर्ण चित्र दिसतं. कोपऱ्यावर उभी राहिलीस की आकृती जरा गोंधळते. ती आखणीची खूण आहे.

फरक कुठे पडला? इजिप्तचा दगडी राजा पाठीला खांब लावून उभा असतो. हात आणि कंबर यांच्यामधला, दोन पायांमधला दगड तसाच ठेवलेला असतो. कमरेला वस्त्र असतं. ग्रीकांनी पाठीचा खांब काढला, मधला दगड फोडून आरपार केला, वस्त्र उतरवलं. पुतळा स्वतःच्या दोन पायांवर आला. यात विचार आहे तसा दगडाचाही भाग आहे. ग्रॅनाइट किंवा डायोराइट हे डोलेराइटच्या गोट्यांनी ठोकून, वाळू घालून तांब्याच्या करवतीने घासून कापायचं म्हणजे काय, हे आपल्याकडच्या काळ्या पाषाणात टाकी घातलेल्यालाच कळेल. ग्रीकांच्या हाताखाली संगमरवर होता आणि हातात लोखंडी छिन्नी. दगड ऐकत होता, म्हणून तो मोकळा करण्याची हिंमत झाली.

आणि शंभर वर्षांत त्यांनी जाळी सोडली. इ.स.पू. ४८०च्या सुमाराचा अथेन्सचा ‘क्रिटियॉस बॉय’ सगळा भार एका पायावर घेतो. भार एका पायावर गेला की एक नितंब वर जातो, कण्याला बाक येतो, आडव्या रेषा तिरक्या होतात. अठराचे असोत की एकवीसचे, चौकोन तिथे निकामी होतात. पण जाळी मोडण्याआधी ती हातात असावी लागते. इजिप्तने ग्रीसला पुतळे दिले असं मी म्हणणार नाही. त्याने ग्रीसला मोजायला शिकवलं, आणि जो मोजायला शिकतो तो पुढे स्वतःचं माप ठरवतो. पॉलिक्लाइटसने इ.स.पू. पाचव्या शतकात शरीराच्या प्रमाणांवर ग्रंथ लिहिला आणि ते दाखवायला पुतळा घडवला, तो याच वाटेवरचा.

निळ्या रंगाचंही तसंच. वाळू, चुना, तांबं आणि खार एकत्र करून साधारण ९०० अंशांच्या आसपास भाजलं की एक निळी पूड तयार होते. माणसाने कृत्रिम रीतीने बनवलेला हा सर्वांत जुना रंग, इजिप्शियन निळा. ही कृती भूमध्य समुद्राभर पसरली. रोमन काळात विट्रुव्हियस या वास्तुकाराने इटलीतल्या पुतेओलीमध्ये तो कसा बनतो ते लिहून ठेवलं आहे. या निळ्यावर साधा प्रकाश टाकला की तो अवरक्त किरणांत चमकतो, आणि त्या चमकेमुळे अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराच्या शिल्पांवर डोळ्यांना न दिसणारे त्याचे कण अलीकडे सापडले. पांढरीशुभ्र म्हणून जिची पूजा झाली त्या ग्रीक शिल्पकलेच्या अंगावर नाईलकाठचा निळा आहे.

इथे थांबून एक सावधगिरी सांगतो, कारण आपल्याकडच्या मुलांची चूक हमखास इथे होते. आपल्या शिल्पशास्त्रातही मोजणी आहे. नवताल मूर्ती नऊ मुखांची, प्रत्येक मुख बारा अंगुळांचं, एकूण १०८ अंगुळं. हे ऐकलं की कोणीतरी लगेच म्हणतं, ‘म्हणजे हे इजिप्तकडून आलं’ किंवा ‘त्यांनी आपल्याकडून घेतलं’. दोन्ही सोड. मोठी मूर्ती अनेक हातांनी करायची असली की माप लागतंच, ते कुठेही सुचतं. आपलं माप मुखाचं आहे आणि देवतेनुसार ताल बदलतो. त्यांचं माप मुठीचं आहे आणि सर्वांना एकच. आतली व्यवस्था निराळी आहे. सुदानमध्ये नका इथे सिंहमुखी देव अपेडेमाकचं मंदिर आहे. त्याच्या मागच्या भिंतीवर देवाला तीन मुखं आणि चार हात आहेत. मागच्या शतकात काही विद्वानांनी त्यावरून भारतीय प्रभाव सांगितला होता. पण भिंतीच्या एका बाजूने राजघराणं येतं, दुसऱ्या बाजूनेही येतं, आणि देव दोन्हीकडे एकाच वेळी तोंड करून त्यांना स्वीकारतो. बाजूने दिसणारी दोन तोंडं, मधे एक समोरून. हे इजिप्तच्या चित्रव्याकरणातूनच सुटणारं कोडं आहे, त्यासाठी समुद्र ओलांडावा लागत नाही.

मालातून काय जातं ते बघायचं तर निमरूदची हस्तिदंती नक्षी बघ. असिरियाच्या या राजधानीत इ.स.पू. नवव्या-आठव्या शतकांतले हजारो हस्तिदंती तुकडे मिळाले. बरेचसे फिनिशियन कारागिरांचे. पंखांचे स्फिंक्स (सिंहाचं धड, माणसाचं डोकं), कमळावर बसलेला बालदेव, सापांच्या रांगा, सगळं इजिप्तचं आणि अतिशय नाजूक. पण काहींवर राजाच्या नावाची लंबगोल चौकट कोरली आहे आणि तिच्यातली अक्षरं वाचायला गेलं तर अर्थच लागत नाही! कारागिराला ते अक्षर आहे हे माहीत होतं, वाचता मात्र येत नव्हतं. गिऱ्हाइकालाही येत नव्हतं. इजिप्तचं दिसणं हीच किंमत होती. मी हे हलकं काम म्हणून सांगत नाही. त्या तुकड्यांतली सफाई बघून हात थरथरतो. पण चौकोन तिथे पोहोचले नाहीत, कमळ पोहोचलं.

इराणच्या सम्राटाने तर कारागीरच नेले. दारियसने सुसा इथल्या राजवाड्याच्या बांधणीचा लेख कोरून ठेवला आहे. त्यात सोनार मीड (इराणातलेच एक लोक) आणि इजिप्तचे होते, लाकूडकाम सार्डिस (आजच्या तुर्कस्तानातलं शहर) आणि इजिप्तच्या लोकांनी केलं, भिंती सजवल्या त्या मीड आणि इजिप्तच्या लोकांनी, असं स्पष्ट म्हटलं आहे. पर्सेपोलिसला दारियसच्या महालाच्या दारांवर बाहेर झुकणारी इजिप्तची गोलाईदार कंगणी आहे, खाली आकृत्या मात्र इराणी. आणि १९७२ साली सुसाला दारियसचाच एक पुतळा मिळाला. डोकं गेलेलं, अंगावर इराणी झगा, पाठीला इजिप्तचा खांब आणि वस्त्रावर चित्रलिपी. तो इजिप्तमध्ये घडवून आणलेला आहे. एकाच दगडात दोन देश कसे राहतात ते बघायचं असेल तर या पुतळ्याइतकं स्वच्छ काही नाही.

दक्षिणेला कुश, म्हणजे आजचं सुदान. इथे हात, माल आणि देव तिन्ही गेले, शतकानुशतकं. इ.स.पू. आठव्या शतकात कुशच्या पिये राजाने उलट इजिप्तच जिंकलं आणि इजिप्तच्या अमुन देवाचा खरा भक्त मीच असं ठणकावून सांगितलं. कुशच्या राजांनी पिरॅमिड बांधायला घेतले तेव्हा इजिप्तच्या राजांनी ते सोडून आठशे वर्षं होऊन गेली होती. आज सुदानमध्ये दोनशेहून अधिक पिरॅमिड आहेत, इजिप्तपेक्षा जास्त. पण ते गिझासारखे पसरट नाहीत, छोटे आणि चांगलेच उभट. कारण त्यांच्या डोळ्यांसमोर गिझा नव्हतंच. नव्या राज्यातले अधिकारी आपल्या थडग्यांवर लहान, उंचेलं शिखर बांधत, तशी थडगी नुबियातही होती. जे शेजारी उभं होतं त्यावरून त्यांनी घेतलं.

नकाच्या त्याच मंदिराच्या दर्शनी भिंतीवर राजा नताकमानी आणि राणी अमानीतोरे आहेत, इ.स. पहिल्या शतकातले. दोघंही शत्रूंचे केस मुठीत धरून शस्त्र उगारतात. हीच ढब नारमेर राजाच्या पाटीवर आहे, इ.स.पू. ३१००च्या सुमाराची. तीन हजार वर्षं एक हात उगारलेलाच राहिला. पण राणीकडे बघ. भरदार मांड्या, रुंद कंबर, लांब नखं, अंगभर दागिने, आणि राजाइतकीच उंच. इजिप्तच्या सडपातळ राणीचे चौकोन या बाईला पुरतच नाहीत. कुशने व्याकरण घेतलं आणि त्यात आपली बाई बोलती केली. या भिंतीबद्दल मी कितीही वेळ बोलू शकतो. ‘प्रभाव’ म्हटलं की घेणारा लहान वाटतो, इथे तो अजिबात लहान नाही.

रोमबद्दल थोडक्यात. रोमने दगडच उचलून नेले. ऑगस्टसने इ.स.पू. १०च्या सुमारास दोन ओबेलिस्क, म्हणजे एकाच दगडाचे टोकदार उंच खांब, इजिप्तमधून जहाजांतून आणले, पुढे आणखी आले. इ.स. ३५७ साली आलेला, आता रोममध्येच लॅटरनला उभा असलेला बत्तीस मीटरचा खांब त्यांत सर्वांत उंच. सेस्टियस नावाच्या रोमन अधिकाऱ्याने त्याच काळात स्वतःसाठी पिरॅमिड बांधून घेतला, तोही उभट. ही विजयाची खूण आणि फॅशन होती. कारागिरी शिकण्याचा प्रश्न तिथे नव्हता. उलट दिशेचं एकच उदाहरण सांगतो. इजिप्तच्या फायूम भागातल्या ममींच्या चेहऱ्यावर बसवलेल्या लाकडी फळ्या, मेणाच्या रंगात रंगवलेले इ.स. पहिल्या ते तिसऱ्या शतकांतले चेहरे. चित्र ग्रीक-रोमन, छायाप्रकाशासह. काम मात्र इजिप्तचं, मेलेल्याला टिकवून ठेवायचं.

त्यानंतर छापील पानाचं युग. १७९८ला नेपोलियन इजिप्तवर गेला तेव्हा त्याच्याबरोबर दीडशेच्या वर विद्वान आणि चित्रकार होते. १८०९पासून त्यांचे भलेमोठे चित्रग्रंथ निघू लागले आणि युरोपभर खुर्च्यांना स्फिंक्सचे पाय आले, स्मशानांना इजिप्तची दारं आली. शाम्पोलियाँने चित्रलिपी उलगडली १८२२ला. म्हणजे तोपर्यंतची ही सगळी सजावट न वाचताच केलेली होती, निमरूदच्या त्या चौकटींसारखी. पुढे ४ नोव्हेंबर १९२२ला तुतानखामूनच्या थडग्याची पायरी सापडली आणि वर्तमानपत्रांतल्या छायाचित्रांनी आर्ट डेको या त्या काळच्या सजावटीच्या शैलीला कमळं आणि पायऱ्यापायऱ्यांचे आकार पुरवले. एक गोष्ट मात्र नोंदव. हॉलिवूडचं इजिप्शियन थिएटर उघडलं १८ ऑक्टोबर १९२२ला, थडगं सापडायच्या आधी. हौस होतीच, थडग्याने तिला तेल मिळालं.

मुंबईत तुला याचं शेवटचं टोक बघता येईल. फोर्टमधली न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सची इमारत, १९३६ची. तिच्यावरची कष्टकरी माणसांची उठावशिल्पं शिल्पकार ना. ग. पानसरे यांची. भिंतीला धरून राहिलेली शरीरं, कमी आणि ठाम रेषा, इमारतीच्या उंचीशी मिळतं घेणारी ताठ ठेवण. ही इजिप्तची नक्कल नव्हे आणि तसं लिहूही नकोस. पण शरीर इमारतीचा भाग म्हणून कसं उभं करायचं हा धडा त्या काळात जगभर इजिप्तच्या भिंतींवरून नव्याने वाचला जात होता. फुटपाथवरून मान वर करून बघशील तेव्हा तो तुला तिथे दिसेल, माणसं मात्र आपली.

शेवटी इजिप्तचंच उदाहरण. महमूद मुख्तार, जन्म १८९१, पॅरिसला जाऊन शिकलेला इजिप्तचा शिल्पकार. त्याचं ‘नहदत मिस्र’, इजिप्तचं जागं होणं, १९२८ साली कैरोच्या रेल्वे स्थानकासमोर उभं राहिलं, अस्वानच्या गुलाबी ग्रॅनाइटमध्ये, लोकवर्गणीची मदत घेऊन. स्फिंक्स पुढच्या पायांवर उठतो आहे आणि शेजारी एक शेतकरी बाई एका हाताने आपला पदर बाजूला करते आहे, दुसरा हात स्फिंक्सच्या डोक्यावर. तो पॅरिसहून यथादर्शन, शरीरशास्त्र सगळं शिकून आला होता. हातात आधुनिक हत्यारं होती, हवं तितकं मोकळं कोरता आलं असतं. त्याने ठोकळा ठोकळाच ठेवला आणि वस्त्राच्या घड्या मोजक्या सरळ रेषांत खाली आणल्या. १९५५ला ते शिल्प हलवून कैरो विद्यापीठासमोर नेलं. त्याचं छायाचित्र मिळालं तर समोरून आणि काटकोनात बाजूने, असं दोनदा बघ. दगडाच्या चारी बाजू अजून तिथे आहेत.